जुन्या लॅपटॉपवर (विंडोज ७, २ जीबी रॅम) पायथन, सी आणि गिट बसवायचंय

सुपारीबाग (गुहागर)
नमस्कार मंडळी. मेहुण्याने मुंबईहून येताना त्याचा जुना लॅपटॉप आणून दिलाय. मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर शाखा. तिला पायथन आणि सी हवंय. सरांनी गिटसुद्धा (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिकून घ्या म्हणून सांगितलंय.

मशीन चालू होतं, पण पुढे सगळं अडतं. पायथनचं ताजं इन्स्टॉलर घेतलं तर 'ही विंडोज चालणार नाही' म्हणतं. कुठूनतरी ३.८ मिळालं, ते बसलं. मग पिपने (पायथनची पॅकेजं नेटवरून आणणारं साधन) काही आणायला गेलो की एसएसएल, सर्टिफिकेट असं काहीतरी लांबलचक लाल अक्षरात येतं. कोड लिहायच्या व्हीएस कोड एडिटरचं चिन्ह दाबलं की काहीच होत नाही. क्रोम बहुतेक साइटला 'असुरक्षित' म्हणतो.

नेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, रोजचा दीड जीबी, आणि रेंज फक्त मागच्या पडवीत. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळे वीज गेली की मशीन गेलं. आंब्याचे पैसे हातात येईपर्यंत नवीन घेणं शक्य नाही. यातून काही निघेल का?

चाकरमानी_ठाणे
वेळ वाया घालवू नका. सेकंडहँड ऑफिस लॅपटॉप घ्या, आय५, ८ जीबी. विषय संपला.

खाडीपलीकडचा (दाभोळ)
त्यांनी शेवटच्या परिच्छेदात काय लिहिलंय ते वाचलंत का? तुम्ही पैसे पाठवा, ते घेतील.

लॅबमास्तर (दापोली)
सुपारीबाग, घाबरू नका. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये याहून म्हातारी मशीनं आहेत आणि पोरं त्यावर शिकतायत.

विंडोज ७ चा अधिकृत आधार १४ जानेवारी २०२० ला संपला. त्यानंतर एकेक साधनाने तिला सोडलं, पण प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी. म्हणून 'ताजं' शोधायचं नाही, 'शेवटचं चालणारं' शोधायचं. पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची शाखा, आणि तिचं तयार इन्स्टॉलर मिळणारी शेवटची आवृत्ती ३.८.१०. त्याला सर्व्हिस पॅक १ लागतो, शिवाय केबी२५३३६२३ हे अपडेट. व्हीएस कोड १.७० पर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०२२ चं. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड १३ पर्यंत. गो भाषा १.२० पर्यंत. गिट २.४६.२ पर्यंत. क्रोम १०९ वर थांबला. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (लांब आधार मिळणारी) ही शाखा मात्र बरीच पुढे चालली, तेव्हा आधी ती घ्या.

तुमची पिपची अडचण मला वेगळी वाटते. पायथन सुरक्षित जोडणीसाठी स्वतःचं ओपनएसएसएल सोबत घेऊन येतं आणि पिप स्वतःची सर्टिफिकेटं. त्यामुळे विंडोज ७ चं टीएलएस (सुरक्षित जोडणीची पद्धत) कितीही जुनं असलं तरी ३.८ च्या पिपला त्याने फरक पडत नाही. म्हणजे खोट दुसरीकडे आहे. दोन गोष्टी सांगा: उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते? आणि कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव काय आहे? अक्षर-आकड्यांसकट.

सुपारीबाग (गुहागर)
मास्तर, तारीख १ जानेवारी २००९ दाखवतंय. मेहुणा म्हणाला होता की ती दर वेळी मागे जाते, तिकडे लक्ष देऊ नका.

प्रोसेसर: इंटेल कोअर २ ड्युओ टी६६००, २.२० गिगाहर्ट्झ. खाली 'सिस्टिम टाइप' समोर ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम लिहिलंय.

टर्मिनलवाली
मेहुण्यांना सांगा, सगळं लक्ष तिकडेच द्यायचं होतं!

सर्टिफिकेटला (साइट खरी असल्याचा दाखला) सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. तुमच्या मशीनच्या हिशेबाने आज २००९ साल आहे, म्हणजे आजची सगळी सर्टिफिकेटं अजून जन्मालाच यायची आहेत. पिप, गिट, क्रोम, सगळे एकाच कारणाने अडलेत. हाताने तारीख बरोबर करा आणि पिप पुन्हा चालवून बघा. तारीख टिकत नाही कारण मदरबोर्डवरचा छोटा गोल सेल, सीआर२०३२, संपलाय. स्वस्तातली वस्तू आहे, घड्याळवाल्याकडेही मिळते.

आता मोठी बातमी. टी६६०० हा ६४ बिट प्रोसेसर आहे. त्यावर कोणीतरी ३२ बिट विंडोज टाकलीय. त्या काळात सर्रास टाकायचे, कारण २ जीबी रॅमला ६४ बिट कशाला, असा हिशेब. 'सिस्टिम टाइप'ची ती ओळ विंडोजबद्दल आहे, चिपबद्दल नाही. ती वाचून लोक ३२ बिट लिनक्स (विंडोजऐवजी टाकायची मोफत सिस्टिम) शोधायला निघतात आणि नको त्या गल्लीत शिरतात.

खरी ३२ बिटची चिप कुठली? २००८-०९ च्या छोट्या नेटबुकमधली ॲटम एन२७०. ती असती तर माझा सल्ला वेगळा असता. तुमच्या चिपवर आजचा ६४ बिट डेबियन १३ (लिनक्सचाच एक प्रकार) बसतो, आणि त्यात पायथन ३.१३ आणि जीसीसी १४ (सी चा कंपायलर) ही तयार मिळतात. मुलीला ३.८ वर शिकवायची गरज नाही.

सुपारीबाग (गुहागर)
तारीख बदलली. पिप चाललं!!! क्रोमही गप्प झाला. मास्तर, ताई, दंडवत.

आता विचारतो की मग विंडोज ७ वरच राहिलो तर काय बिघडेल?

जुनाबाजार (चिपळूण)
बिघडत काही नाही, फक्त त्यावर बँकेचं काम करू नका. पण लिनक्स टाकणार असाल तर माझं मत ताईंच्या उलट आहे. रॅम २ जीबी आहे ना? मग ३२ बिटच टाका. तेवढ्याच कामाला मेमरी कमी लागते, हे खरं आहे. मी कित्येक जुनी मशीनं अशी चालवलीत.

टर्मिनलवाली
जुनाबाजार, मेमरी कमी लागते हे मान्य. ३२ बिटमध्ये पत्ते अर्ध्या लांबीचे असतात, थोडी बचत होते. पण त्यांना मशीनवर प्रोग्रामिंग करायचंय, आणि साधनं बनवणाऱ्यांनी ३२ बिट लिनक्स केव्हाच सोडलंय. व्हीएस कोडने २०१९ मध्येच. पायथनच्या आकडेमोडीच्या नमपाय पॅकेजने तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली फाईल) देणं बंद केलंय, म्हणजे पिप ते तुमच्या मशीनवर कंपाइल करायला बसणार आणि २ जीबीत ते रडणार. डेबियन १२ ला ३२ बिटचं इन्स्टॉलर होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ ला तेही नाही. आज थोडी मेमरी वाचवायची आणि प्रत्येक पॅकेजला भांडायचं?

मेमरीसाठी झेडरॅम लावा. न लागणारी पानं (मेमरीचे तुकडे) तो रॅममध्येच आवळून ठेवतो, डिस्कवर कमी जातो. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज आहे.

जुनाबाजार (चिपळूण)
व्हीलचा मुद्दा पटला. एन२७० वाल्यांसाठी मात्र माझं म्हणणं उभं आहे, आणि त्यांनी पिपच्या नादी न लागता ॲप्टमधूनच (डेबियनचं पॅकेजं आणायचं साधन) नमपाय घ्यावं. तिथे ते ३२ बिटलाही तयार मिळतं.

मालवणी_रिपेर
सगळ्यांनी सॉफ्टवेअरचा सांगल्यानी, पण मशीन उघडून कोण बघतलो?

बरं, सगळ्यांना कळेल असं लिहितो. मी दुरुस्तीचं काम करतो, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आपल्याकडची मशीनं वयाने कमी आणि खाऱ्या हवेने जास्त मरतात. रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर येतो, मग मशीन मधेच अडकतं आणि लोक विंडोजला शिव्या घालतात. रॅम काढा, साधा खोडरबर पट्टीवर हलक्या हाताने फिरवा, भुसा झटका, परत बसवा. पंख्यात दहा-पंधरा वर्षांचा कापूस असणार. तोही काढा, कारण कोअर २ ड्युओ तापला की स्वतःचा वेग कमी करतो.

खर्च करायचाच असेल तर क्रम सांगतो. पहिली रॅम. टी६६०० च्या लॅपटॉपात डीडीआर२ असते किंवा डीडीआर३, दोन्ही एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, म्हणून आधी काढून लेबल वाचा आणि मग बाजारात जा. जुन्या मशीनमधून काढलेली २ जीबीची पट्टी फार महाग पडत नाही. दुसरी एसएसडी, अडीच इंची साटा, छोटीतली छोटी चालेल. जुन्या पोर्टवर ती पूर्ण वेगाने पळत नाही, तरी जुन्या हार्ड डिस्कपुढे विमानच. बॅटरीवर सगळ्यात शेवटी, कारण या मॉडेलांच्या नावाने बाजारात काय विकतात ते देवच जाणे.  

आणि पावसाळ्यात कपाटात ठेवून देऊ नका. रोज थोडा वेळ चालू करा, आतली ओल त्याच्या उबेनेच सुकते. विजा कडाडायला लागल्या की चार्जर भिंतीतून काढायचा, नुसता बटणाने बंद करायचा नाही.

लॅबमास्तर (दापोली)
रिपेरवाल्यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं दुप्पट अनुमोदन. आमच्या लॅबमधलं एक मशीन विजेनेच गेलं.

सुपारीबाग, 'विंडोजवर राहिलो तर' याचं उत्तर: आमच्या लॅबमध्ये नेटच नाही, म्हणून आम्ही राहिलोय. पायथन ३.८.१० पेन ड्राइव्हवरून बसवलं. पॅकेज हवं असेल तर घरच्या मशीनवर 'पिप डाउनलोड' चालवतो. त्याला प्लॅटफॉर्म विन३२, पायथन आवृत्ती ३८ आणि 'फक्त तयार बायनरी' एवढं सांगितलं की तो बरोबर त्या जुन्या मशीनची व्हील गोळा करून देतो. मग पेन ड्राइव्ह घेऊन लॅबमध्ये. बंद खोलीतल्या मशीनला हे पुरतं. पण ३.८ च्या सुरक्षा दुरुस्त्याही ऑक्टोबर २०२४ ला संपल्या, आणि नवीन पॅकेजं एकेक करून ३.८ ला सोडतायत. तुमच्याकडे हॉटस्पॉट आहे आणि चिप ६४ बिट आहे, तेव्हा तुमच्या जागी मी लिनक्सवर गेलो असतो.

एक सूचना: विंडोज ७ वरून पेन ड्राइव्ह तयार करणार असाल तर रुफस ३.२२ घ्या. ४ पासून पुढचं विंडोज ७ वर उघडत नाही.

सुपारीबाग (गुहागर)
ठरलं. डेबियनची एक्सएफसीईवाली (हलक्या डेस्कटॉपची) लाइव्ह फाईल (पेन ड्राइव्हवरूनच चालणारी) तीन जीबीच्या वर आहे, रोजच्या दीड जीबीत कशी बसवू? मुलीला कॉलेजच्या वायफायवर उतरवून आणायला सांगतो.

खाडीपलीकडचा (दाभोळ)
लाइव्हवरून आधी नुसतं चालवून बघा, डिस्कला हात न लावता. कीबोर्ड, आवाज, वायफाय सगळं तपासा. मगच बसवायचं.

सुपारीबाग (गुहागर)
बसवलं. मुलीनेच बसवलं खरं तर, मी मागून बघत होतो. दोन प्रश्न आहेत:

१) वायफाय दिसतच नाही. विंडोजमध्ये चालत होतं. चिप ब्रॉडकॉम आहे असं 'एलएसपीसीआय' ही आज्ञा सांगतेय.

२) पिप म्हणतं 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' आणि थांबतं. तारीख बरोबर आहे, तपासली.

टर्मिनलवाली
१) ब्रॉडकॉमचं दुखणं जुनं आहे. त्याचं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) उतरवायला नेट लागतं, आणि नेट त्याच वायफायवर. सुटका सोपी आहे. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला ते तारेचं नेटवर्क वाटतं, काही बसवावं लागत नाही. मग चिपचा नेमका क्रमांक इथे टाका, त्यावरून कुठलं पॅकेज ते सांगते. काही क्रमांकांना बी४३ चं फर्मवेअर लागतं, काहींना ब्रॉडकॉम-एसटीए. दोन्ही एकदम बसवू नका, ते एकमेकांच्या आड येतात.

खरं तर तुम्हाला वायफाय हवंय कशाला? रेंज पडवीतच आहे ना? फोन तिथेच केबलला लावा, चार्जही होईल.

२) हा बिघाड नाही, मुद्दाम घातलेलं कुंपण आहे. डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपला थेट हात घालू देत नाहीत, कारण सिस्टिमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. इंटरनेटवर 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा एक पर्याय सांगतात. त्याच्या नावातच काय होणार ते लिहिलंय. त्याऐवजी ॲप्टने पायथन३-व्हेन्व्ह घ्या, मुलीच्या कामाच्या फोल्डरमध्ये एक व्हेन्व्ह (पायथनची वेगळी, स्वतंत्र जागा) बनवा, तो ॲक्टिव्हेट करा आणि त्यात पिप हवं तसं वापरा. फोल्डर पुसलं की सगळं साफ.

जुनाबाजार (चिपळूण)
आणि व्हीएस कोड नको. ६४ बिटवर बसेल, पण तो आतून एक अख्खा ब्राउझर आहे. २ जीबीत तो आणि फायरफॉक्स एकदम उघडले की मशीन हात वर करतं. पायथनला थॉनी, सी ला जीनी. दोन्ही ॲप्टमध्ये आहेत. थॉनीत ओळीओळीने प्रोग्राम चालताना व्हेरिएबल कसं बदलतं ते दिसतं, पहिल्या वर्षाला त्याहून चांगलं काही नाही.

सुपारीबाग (गुहागर)
टेदरिंगवर सगळं उतरलं. थॉनी मस्तच चालतोय. मुलीने पहिला उद्योग म्हणून आंब्याच्या पेट्यांचा हिशेब लिहिलाय, किती डझनी पेटी, कुठल्या भावाने, कुणाची बाकी. नावं मराठीत आहेत. पण टर्मिनलात 'पाच डझनी'च्या वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं तुटतात. पायथनची चूक की आमची?

लॅबमास्तर (दापोली)
कोणाचीच नाही. एक्सएफसीईचं टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं, आणि देवनागरी तशी चौकटीत बसणारी नाही. आतला मजकूर बरोबर असतो. तोच फाईलमध्ये लिहून माउसपॅडमध्ये उघडा, नीट दिसेल. लिनक्सवर फाईल आपोआप यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये जाते. हाच प्रोग्राम विंडोजवर चालवायची वेळ आली तर 'ओपन'मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहायला सांगा, नाहीतर पहिल्याच मराठी नावाला तो अडेल. किंबहुना आत्तापासूनच लिहायची सवय लावा.

वेंगुर्ल्याची_पोर
मधे घुसते, सॉरी. माझ्याकडेपण कोअर २ ड्युओ आहे, लिनक्स ६४ बिटच. बाकी सगळं चालतं पण टेन्सरफ्लो (मशीन लर्निंगचं पॅकेज) इम्पोर्ट केलं की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून पायथनच बंद पडतं. रॅम ४ जीबी आहे. काय करू?

टर्मिनलवाली
रॅमचा दोष नाही. टेन्सरफ्लोची तयार व्हील २०१८ च्या १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स सूचना (प्रोसेसरच्या खास आज्ञा) वापरतात. एव्हीएक्स इंटेलच्या चिपांत आलं २०११ मध्ये, सँडी ब्रिजबरोबर. तुमची चिप त्याआधीची. तिला ती आज्ञाच कळत नाही, म्हणून ती तिथेच थांबते. मोंगोडीबी या डेटाबेसच्या ५ पासून पुढेही हेच होईल, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. 'एलएससीपीयू' चालवून फ्लॅग्जच्या यादीत काय आहे ते बघत जा, मग डाउनलोडचा डेटा वाचेल.

मशीन लर्निंग ब्राउझरमधून करा, गूगलच्या कोलॅबसारख्या ठिकाणी. गणित तिकडच्या मशीनवर होतं, तुमच्याकडे फक्त पान उघडं लागतं. सायकिट-लर्न (मशीन लर्निंगचंच दुसरं पॅकेज) मात्र डेबियनच्या ॲप्टमधून घ्या. डेबियन ६४ बिटची पॅकेजं जुन्यातल्या जुन्या ६४ बिट चिपवरही चालतील अशीच बांधतात.

वेंगुर्ल्याची_पोर
ॲप्टवालं चाललं!! देव बरं करो.

सुपारीबाग (गुहागर)
एक राहिलं. सी च्या जर्नलमध्ये 'कोनियो.एच' ही हेडर फाईल आणि स्क्रीन पुसणारं 'सीएलआरएससीआर' आहे. जीसीसी म्हणतं अशी फाईलच नाही. सर म्हणतात टर्बो सी (डॉसच्या काळातला जुना कंपायलर) मध्येच लिहायचं.

लॅबमास्तर (दापोली)
तो टर्बो सी चा खाजगी संसार आहे, सी भाषेचा भाग नाही. जर्नलपुरतं डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं) घ्या, ॲप्टमध्ये आहे. टर्बो सी चं फोल्डर कॉलेजमधून आणून त्यात माउंट करा. गंमत म्हणजे या एका बाबतीत तुमचं मशीन जुनं नसून फारच नवीन आहे. पण शिकायला जीसीसीच वापरू दे, आणि दर वेळी वॉल (-Wall) आणि एक्स्ट्रा (-Wextra) हे दोन इशारे चालू ठेवून. टर्बो सी 'व्हॉइड मेन' मुकाट्याने गिळतो, जीसीसी टोकतो. परीक्षेला सर सांगतील तसं लिहायचं. त्यात वाद घालू नये.

सुपारीबाग (गुहागर)
कळलं. आता शेवटचं, खरंच शेवटचं. जुनी विंडोज अजून डिस्कच्या दुसऱ्या भागात आहे, ५० जीबी. तिच्यात सासऱ्यांचे जुने हिशेब आहेत, त्या सॉफ्टवेअरची सीडी हरवलीय. ती पुसून जागा मोकळी करू का? आणि सेल अजून बदललेला नाही, तरी डेबियनमध्ये तारीख टिकतेय, हे कसं?

टर्मिनलवाली
पुसू नका. सीडी नसेल तर ते परत बसणार नाही. आधी हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर घ्या, मग विंडोजला तशीच राहू दे, मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीत दिसत राहील. पायथन, जीसीसी आणि गिटला ते ५० जीबी लागणार नाहीत. तिला नेटला मात्र जोडू नका.

तारीख टिकत नाहीये, डेबियन ती सावरून घेतोय. शेवटची माहीत असलेली वेळ तो डिस्कवर लिहून ठेवतो, त्याच्या मागे घड्याळ जाऊ देत नाही, आणि नेट मिळालं की बरोबर वेळ आणतो. नेट नसताना मशीन आठवडाभर बंद राहिलं तर तेवढं मागे पडेल, आणि गिटच्या कमिटवर चुकीच्या तारखा येतील. सेल बदलाच.

मालवणी_रिपेर
सेल घेण्याआधी मागचं झाकण उघडून फोटो टाका. कित्येक लॅपटॉपात तो नुसता खाचेत बसत नाही, पिवळ्या वेष्टनात दोन तारांचा असतो आणि टोकाला छोटं प्लग. तसा असेल तर घड्याळवाल्याकडचा चालणार नाही, तारवालाच मागा. उघडण्याआधी चार्जर काढा, मेलेली बॅटरीपण काढा.